चौदा रुपये दर, पण कुठल्या फुटाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात ६२० चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत चौदा वर्षं जुनी, घरात एक लहान मूल आणि सासूबाई. गणपतीआधी रंग काढून हवाय. तीन ठेकेदार येऊन गेले. पहिला म्हणाला १४ रुपये फूट, एकूण अंदाजे २,८०० फूट. दुसऱ्याने २३ रुपये सांगितले आणि टेप लावून १,९८० फूट काढले. तिसऱ्याने सोफ्यावर बसूनच 'सगळं धरून ७२ हजार' असं सांगितलं. पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये खिडकीखाली रंग थोडा सुटलाय. यातला विश्वासू माणूस कसा ओळखायचा?

ताई, मी स्वतः याच धंद्यात आहे. सव्वीस वर्षं झाली. सुरुवात केली ती उस्तादाच्या हाताखाली भिंती घासण्यापासून, आता माझी नऊ-दहा माणसांची टीम आहे. तेव्हा खाली लिहितोय त्यातल्या काही गोष्टी माझ्या भाऊबंदांना आवडणार नाहीत, पण असू दे.

आधी आकड्यांचं बघू, कारण तुम्ही १४ आणि २३ ची तुलना करताय आणि तिथेच फसताय. पहिल्याने २,८०० फूट कुठून आणले? ६२० ला साडेचारने गुणा, २,७९० येतात. म्हणजे त्याने टेप खिशातून काढलीच नाही. कार्पेट विचारलं, साडेचारने गुणलं, वरचे दहा फूट दक्षिणा. आता साडेचार हा आकडा अगदीच हवेतला नाही, म्हणून लोकांना तो खरा वाटतो. बारा बाय दहाची एक खोली धरा, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ, ४१८. त्यातून सात बाय तीनचा दरवाजा आणि पाच बाय चारची खिडकी वजा केली की ३७७ उरतात. छताचे १२० मिळवा, झाले ४९७. खोलीचं क्षेत्रफळ १२०, रंगाचं ४९७, म्हणजे चारपटीहून थोडं जास्तच. पण घर म्हणजे नुसत्या बेडरूम नव्हेत. हॉल मोठा असतो, त्याला जागेच्या मानाने भिंत कमी लागते. बाथरूमला वरपर्यंत टाइल्स, किचनला ओट्याच्या वर टाइल्स, एखाद्या भिंतीवर आख्खं कपाट बसवलेलं. पूर्ण घराचा हिशोब केला तर कार्पेटच्या तिप्पट-सव्वातिप्पट निघतो. तुमच्या दुसऱ्या माणसाचे १,९८० फूट म्हणूनच मला खरे वाटतात.

आता १४ गुणिले २,८०० म्हणजे ३९,२००. तेच १,९८० ने भागा, खऱ्या फुटाला १९ रुपये ८० पैसे पडले. आणि दुसऱ्याचे ४५,५४०. म्हणजे जो फरक तुम्हाला नऊ रुपयांचा वाटत होता तो तीन रुपयांचा आहे. पहिला माणूस स्वस्त नाहीये, त्याने नुसते फूट फुगवलेत.

तो खरोखरच १,९८० फुटांवर १४ ने करायला तयार झाला तर? तर मला जास्त काळजी वाटेल. जुनं खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप), घासकाम, प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) आणि रंगाचे दोन हात, एवढं सगळं या घरात नीट करायला तीन माणसं सहा दिवस लागतात. अठरा रोज. चांगल्या पेंटरचा रोज आज ठाण्या-पुण्याकडे हजाराच्या आसपास आहे, म्हणजे नुसती मजुरी १८ हजार, फुटाला नऊ रुपये. १४ मधले उरले पाच. त्या पाचात पुट्टी, प्रायमर, रंग, रिक्षा-टेम्पो, रोलर, पॉलिश पेपर आणि त्याच्या घरची चूल. हे बसत नाही. मग सहा दिवसांचे तीन दिवस होतात किंवा दोन हातांचा एक. भाजीवाल्याशी घासाघीस केली तर भाजी तीच राहते, आमच्याशी केली की कामच बदलतं. आणि ते तुम्हाला दिसतही नाही, कारण वरून रंग फिरलेला असतो.

तिसऱ्याचे ७२ हजार म्हणजे फुटाला साधारण ३६ रुपये. हा माणूस लबाडच असेल असं मी म्हणणार नाही. सगळ्या भिंतींना दोन हात पूर्ण पुट्टी, वर प्रायमर, वर भारीतलं इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) असं करणार असेल तर हा दर वाजवी आहे. पण तुमच्या भिंतींना पूर्ण पुट्टीची गरज आहे का, हे सोफ्यावरून कळत नाही. आधीची पुट्टी पक्की असेल, नुसते केसासारखे तडे असतील, तर पॅचपुरती पुट्टी लावून काम होतं आणि तुमचे वीस-पंचवीस हजार वाचतात.

म्हणून मी माणूस ओळखतो तो पहिल्या भेटीत तो काय करतो यावरून. बोलतो काय, हे मी फार धरत नाही. शेडकार्ड आधी उघडणारा माणूस मला आवडत नाही. जाणता माणूस आधी भिंतीशी जातो. बोटांच्या पेरांनी टकटक करतो, कारण प्लास्टर सुटलेलं असेल तर तिथे बद आवाज येतो. तळहात भिंतीवर घासून बघतो. हाताला पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा हलकं डिस्टेंपर आहे, आणि ते खरवडून काढल्याशिवाय वर इमल्शन चढवलं तर ते वर्षाच्या आत पापडासारखं सुटतं. मग तो विचारतो: मागचा रंग कधी काढला, कसला होता, वरच्या मजल्यावर कोण राहतं, त्यांचं बाथरूम या भिंतीच्या डोक्यावर येतं का. किचनच्या एक्झॉस्टजवळ बोट फिरवून तेलकटपणा बघतो, कारण तेलावर रंग धरत नाही, आधी साबणाने धुवावं लागतं. घरात दम्याचं कोणी आहे का, लहान मूल कुठे झोपतं, हेही विचारतो. आणि मग टेप काढून डायरीत खोलीवार आकडे लिहितो. तुमच्या सांगण्यावरून यातलं निम्मं तरी दुसऱ्याने केलेलं दिसतंय.

जुनी कामं दाखवा म्हटलं की सगळे मोबाइल पुढे करतात. फोटोत सगळ्याच भिंती देखण्या असतात आणि फोटो कोणाच्या कामाचा आहे हे देवाला ठाऊक. त्यापेक्षा विचारा, 'दोन पावसाळे खाल्लेलं एखादं घर दाखवा.' नुकतंच झालेलं घर नको, दोन पावसाळे झालेलंच बघायचं. जाताना बॅटरी न्या. भिंतीला टेकवून आडवा उजेड टाका. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर लगेच पुट्टी लावायच्या पत्र्याचे ओरखडे, पॅचच्या कडा, न घासलेल्या पुट्टीचे उंचवटे असे उठून दिसतात की बस. संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लावला की हेच सगळं तुमच्या घरात दिसणार असतं. दारांच्या चौकटीपाशी आणि छताच्या कोपऱ्यात कटिंग बघा, ब्रशची रेघ सरळ आहे की थरथरलेली. स्विचबोर्डाच्या कडेला रंग लागलाय का तेही बघा. बोर्ड झाकायचा कंटाळा करणारा माणूस भिंत घासायचाही करतो, हा माझा आडाखा आजवर क्वचितच चुकलाय. आणि घरमालकाला एवढंच विचारा: काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का?

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगतो. तुमच्याशी गोड बोलून गेलेला माणूस प्रत्यक्ष कामाला येईलच असं नाही. बरेच ठेकेदार काम घेतात आणि पेटी ठेक्यावर दुसऱ्याला देतात, तो नाक्यावरून माणसं उचलतो. मधल्या दोघांनी आपापला वाटा काढला की भिंतीवर काय उरणार? रंग कंपन्यांच्या नावाने घरपोच सेवा मिळते, तिथेही हात शेवटी स्थानिक ठेकेदाराच्या माणसांचेच असतात. फरक इतकाच की तक्रार करायला वर कोणीतरी असतं, मोजमाप बऱ्यापैकी चोख होतं आणि त्याचे पैसे दरात लागतात. वाईट नाही तो पर्याय, विशेषतः तुम्ही दोघंही नोकरीवर असाल तर. पण तिथेही 'साइटवर रोज कोण उभा राहणार' हा प्रश्न विचारायचाच. मला कोणी हा प्रश्न विचारला की मी नाव सांगतो आणि त्या पोराला भेटायलाही घेऊन येतो. रंगकामाला इलेक्ट्रिशियनसारखा सरकारी परवाना नसतो, ज्याच्या हातात ब्रश तो पेंटर. त्यामुळे माणसं कोण, कुठे राहतात, त्यांच्या आधारची प्रत, हे सगळं आधीच घेऊन ठेवा. सोसायटीच्या वॉचमनलाही ते लागतंच.

आता मालाचं. मजुरीवर काम द्यायचं की मटेरियलसकट? तुमच्याकडे दोन तास असतील तर माझं मत: दर मटेरियलसकट ठरवा, पण दुकानात बरोबर जा. बिल तुमच्या नावाने घ्या. शेड मशीनवर मिसळून मिळते तेव्हा डब्यावर शेडचा नंबर आणि बेसचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात, तिचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी टच-अपला तोच फोटो कामाला येतो. डबे सीलबंद घरात आले पाहिजेत आणि तुमच्यासमोर उघडले पाहिजेत. डब्यात पेंटरसाठी टोकन निघतं, म्हणजे कंपनीकडून त्याला मिळणारं बक्षीस, हल्ली बऱ्याच डब्यांवर स्कॅन करायचा कोड असतो. त्यावरून काहीजण ठेकेदाराशी भांडतात. भांडू नका, तो आमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. पण एक लक्षात असू द्या, पेंटर एखाद्याच रंगाचा फार आग्रह धरत असेल तर त्यामागे कधीकधी ते टोकन असतं.

रंग किती लागेल याचा अंदाज तुम्हाला असला की निम्मी लबाडी जागच्या जागी थांबते. तुमच्या १,९८० फुटांत छताचे सहाशे धरले तर भिंती १,३८० उरतात. डब्यावर लिहिलेला पसारा, म्हणजे लिटरला किती फूट होतील तो आकडा, गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवरचा असतो. प्रत्यक्ष घरात बऱ्यापैकी इमल्शन दोन हातांत लिटरला ७० ते १०० फूट जातं. म्हणजे भिंतींना पंधरा-सोळा लिटर लागणारच. वीस लिटरची बादली आणली आणि थोडा रंग उरला, तर ठीक. दहा लिटरमध्ये 'दोन हात झाले मॅडम' असं कोणी म्हणालं तर एक तर हात एकच झालाय किंवा रंगात पाणी जास्त पडलंय. पाणी घालावं लागतंच, ते किती हे डब्यावर छापलेलं असतं. ते वाचून दाखवायला सांगा, चांगला पेंटर चिडत नाही. पुट्टीचंही तसंच. भिंत बरी असेल तर चाळीस किलोच्या पोत्यात दोन हातांत पाचशे-सहाशे फूट होतात. आणि पुट्टी कंपनीच्या पोत्यातलीच हवी. अजूनही काहीजण खडूपावडर, सरस आणि थोडं डिस्टेंपर कालवून घरगुती पुट्टी करतात, तिला लांबी म्हणतात. हात लावायला ती मऊसूत लागते आणि पहिल्या पावसात ओल पिऊन फुगते.

रिकामे डबे काम संपेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका. शेवटच्या दिवशी मोजा आणि मग खुशाल देऊन टाका. मोठी बादली मात्र पोरांनी आधीच कोणाला तरी कबूल केलेली असते, निम्म्या महाराष्ट्राची अंघोळ रंगाच्या बादलीतून होते.

जीएसटीची एक मेख सांगतो. काही ठेकेदार शेवटी 'जीएसटी वेगळा' म्हणून १८ टक्के चढवतात आणि बिल मात्र साध्या वहीच्या कागदावर देतात. नोंदणी असेल तर त्याचा नंबर मागा, जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताही येत नाही. दुकानातून आलेल्या रंगावर १८ टक्के लागलेलेच असतात, ते त्याच्या दरात धरलेत का हे आधीच विचारून ठेवा.

करारनामा, स्टँप पेपर वगैरे एवढ्या कामाला कोणी करत नाही. पण एक पान लिहायचंच. मी गिऱ्हाइकाला देतो तो मजकूर साधारण असा असतो: 'हॉल, दोन बेडरूम, किचन, पॅसेज. मोजमाप १,९८० फूट, खोलीवार आकडे मागे लिहिले आहेत. सुटलेला रंग खरवडणे, भेगा भरणे, लागेल तिथे पुट्टी दोन हात, घासकाम, प्रायमर एक हात, भिंतींना अमुक कंपनीचं अमुक इमल्शन दोन हात, छताला पांढरा दोन हात. फर्निचर सरकवणे आणि झाकणे आमच्याकडे. लादी, खिडक्यांच्या काचा, स्विचबोर्ड पुसून देणे आमच्याकडे. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट यात नाही. काम सुरू अमुक तारखेला, आठ दिवस. पुट्टी किंवा प्रायमर जास्त लागल्यास आधी सांगणे, न सांगता केल्यास पैसे नाहीत.' खाली दोघांच्या सह्या, आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर. बाकी भांडणं कमी होतात, पण 'फर्निचर कोणी सरकवायचं' आणि 'लादीवरचे डाग कोणी काढायचे' या दोन ओळी नसतील तर शेवटच्या दिवशी हमखास तोंडातोंडी होते. ब्रश आणि रोलर कुठे धुवायचे तेही सांगून ठेवा. बाथरूमच्या जाळीत पुट्टी गेली की प्लंबरचा खर्च तुमच्या माथी.

पैसे कधी द्यायचे, यावर माझे काही भाऊबंद अर्धी रक्कम आधी मागतात. देऊ नका. माल आणायला वीस टक्के पुरतात. पुट्टी आणि घासकाम झालं की तीस, पहिला हात झाला की तीस, काम संपून साफसफाई झाली की दहा, आणि शेवटचे दहा टक्के पंधरा दिवसांनी. या शेवटच्या दहाला जो सरळ 'हो' म्हणतो तो कामाचा माणूस. मलासुद्धा ते आवडत नाहीत, खोटं कशाला बोलू, पण ते अडकलेले असतात म्हणून मी पंधरा दिवसांनी परत चक्कर मारतो हेही खरं.

टप्पे बघायला रोज घरी थांबायची गरज नाही. पुट्टी घासून झाल्यावर एकदा संध्याकाळी बॅटरी लावून बघा, चुका त्याच वेळी पेन्सिलीने गोल करून ठेवा. प्रायमर झाला की एक फोटो, पहिला हात झाला की एक फोटो. दारामागे, पडद्याआड, फ्रिजच्या मागे मुद्दाम डोकवा. वाईट काम तिथे आधी होतं. आणि घाई करू देऊ नका. पुट्टीच्या दोन हातांत काही तास, घासण्याआधी रात्रभर, प्रायमर आणि रंगाच्या हातांत डब्यावर लिहिलेला वेळ, आणि पावसाळ्यात त्याहून बराच जास्त. 'पंखा लावून एका दिवसात तिन्ही हात' ही बढाई ऐकलीत तर दार दाखवा.

शेडबद्दल थोडंच. मोबाइलवर बघून शेड ठरवू नका. दोन बाय दोनचा पट्टा भिंतीवर मारून घ्या, सकाळी आणि रात्री दिव्यात बघा, मग बोला. गडद शेडला तिसरा हात लागू शकतो, तो दरात आहे का ते आधीच विचारा.

तुमची इमारत चौदा वर्षांची आहे आणि घरात मूल आहे, म्हणून दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइल पेंटबद्दल मुद्दाम लिहितो. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या ग्रिल्स आणि चौकटींवरचा रंग त्याआधीचा असणार. त्यात शिसं आहेच असं नाही, पण नसेल असं धरून चालू नका. कोरडं घासलं की त्याची धूळ हवेत उडते, गादी-खेळण्यांवर बसते आणि मुलाच्या तोंडात जाते. ओल्या पॉलिश पेपरने घासायला सांगा, खोलीचं दार बंद, घासणाऱ्या पोरांना मास्क, आणि पुसणं झाडूने नाही तर ओल्या फडक्याने. त्या दिवसापुरतं मूल आणि सासूबाई दुसऱ्या घरी गेले तर उत्तम. भिंतींचं काम चालू असताना एकेक खोली करून घरात राहता येतं, ऑइल पेंटच्या दिवशी मात्र नको.

गॅरंटीबद्दल लोक फार विचारतात. कंपनीची वॉरंटी असते ती रंगाच्या थराची आणि अटींसकट. आतून आलेल्या ओलीला ती साधारण लागू पडत नाही. ठेकेदाराची 'पाच साल गारंटी' तोंडी असते आणि पाच वर्षांत त्याचा नंबर दोनदा बदलतो. मी लिहून देतो ते एवढंच: येणाऱ्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन पोपडे, भेगा फुकट टच-अप करेन, ओल आली असेल ती जागा सोडून. तुम्हीही असंच काहीतरी मागा. वाद फारच वाढला तर ग्राहक आयोग आहे, पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण तिथे तुमच्या हातात ते एक पान, दुकानाची बिलं आणि फोटो हवेत.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत आणि माझ्या मते जी सगळ्यात महत्त्वाची आहे, ती पश्चिमेकडची भिंत. ठाण्यात पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर आडवा येतो. खिडकीखाली रंग सुटलाय म्हणजे बाहेरच्या प्लास्टरला तडा असेल, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलंट गेलं असेल किंवा बाहेरची सिल आतल्या बाजूला उतरती असेल. तिथे हाताला पांढरे स्फटिक लागतात का बघा. तो खार. पाणी भिंतीतून येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाखाली सोडून उडून जातं, मग रंग आतून ढकलला जातो.

एक सोपी तपासणी करा. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा त्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि पाऊस पडल्यानंतरचा एक दिवस-रात्र तसाच ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ते हवेतलं आहे, भिंतीचा दोष नाही.

ही तपासणी मी एकदा न करता काम घेतलं होतं. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. मुलुंडला एक घर, श्रावण चालू, गिऱ्हाईक म्हणालं गणपती घरात येतात, भिंत चकाचक पाहिजे. मला ओल दिसत होती. मी एकदा तोंडाने म्हटलंही, पण हातात दुसरं काम नव्हतं. पंखे लावून भिंत वाळवली, वॉटरप्रूफ म्हणून मिळतं ते सगळं आतून लावलं, वर सुंदर मोतिया रंग. आरतीच्या फोटोत भिंत फार छान दिसली. दिवाळीला त्यांचा फोन आला. गेलो तर खिडकीखाली ताटलीएवढा फुगा आलेला, बोट लावलं तर अख्खा थर पुट्टीसकट हातात आला, मागची बाजू ओलीगच्च. पाणी बाहेरून येत होतं, आतून लावलेलं सगळं त्याने सहज ढकलून दिलं होतं. ती भिंत मी उन्हाळ्यात माझ्या पैशाने परत करून दिली. तेव्हापासून ओल्या भिंतीचं काम मी पावसाळ्यात घेत नाही, कितीही जवळचा माणूस असो.

तेव्हा तुमच्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. दुसऱ्याला, टेप लावणाऱ्याला, परत बोलवा. २३ मध्ये पुट्टी कुठे आणि किती, कुठलं इमल्शन, साइटवर कोण उभा राहणार, हे त्याच्याकडून वर लिहिल्यासारखं एका पानावर लिहून घ्या. तिसऱ्यालाही एकदा फोन करून मोजमापासकट फोड मागा. देत असेल तर तुलना करा, 'मॅडम विश्वास ठेवा' म्हणाला तर विषय संपला. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमचा सगळ्यात वाईट काळ असतो, एक टीम तीन घरांत पळत असते आणि हवेत ओल असते. हॉल एवढाच आता करून घ्या, भिंती कोरड्या असतील तर. बाकीचं घर दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते मे हवा कोरडी, गर्दी उतरलेली आणि दरही थोडा खाली येतो. फक्त होळीच्या आसपास पोरं गावाला जातात, तेवढे दिवस टाळा.

आणि प्लास्टिकच्या आत दव आलं तर आजच सोसायटीला पत्र द्या. मॉडेल उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची बाहेरून होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर ते ज्याच्या त्याच्या खर्चाने. पत्राची पोच घ्या, फोटो जोडा. बाहेरून दुरुस्ती होऊन ती भिंत पुरती सुकेपर्यंत तिला प्रायमरसुद्धा लावू देऊ नका. सुटलेला रंग खरवडून तशीच उघडी ठेवा आणि कपाट दोन इंच पुढे ओढा. बेडरूम काही महिने कुरूप दिसेल. पाहुणे आले की दार लोटून घ्या.